एक किलोचा ट्रिगर

२२ मार्च २००९, रविवार. निवडणूक लागली की क्लबची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. त्याआधी ती उघडायची, नळीतून चिंधी फिरवायची, तेल द्यायचं आणि पुन्हा जोडायची. ऊर्जानगरच्या आमच्या नेमबाजी क्लबात हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, कारण बाकीच्यांना सुट्टीच्या दिवशी हात काळे करायचे नसतात. आज सकाळी रायफली उरकल्या. आता पॉइंट टू-टूचं जुनं पिस्तूल काढलं आहे. या पिस्तुलाला दोन मुठी आहेत. एक कारखान्यातून आलेली, कोणाच्याही हातात थोडीफार बसणारी. दुसरी सागवानी, एका बाईने स्वतःच्या तळव्याबरहुकूम कोरलेली. ही दुसरी मूठ मी दर वेळी पुसते आणि दर वेळी हातात धरून बघते. अंगठ्यासाठी खाच आहे, करंगळीखाली टेकू आहे, आणि माझा हात त्यात आजही बसत नाही.

ती बाई आमच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही सिस्टरच म्हणते. तिच्याबद्दल अजून लोक चांगलं बोलतात. मीही चांगलंच लिहिणार आहे, कारण दुसरं लिहायला तिने जागाच ठेवली नाही. माझा तिच्यावर राग आहे तो त्याचाच.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत वसाहतीतल्या कोणालाही विचारलं असतं, तर त्याने सिस्टरची इस्त्री सांगितली असती. रोज सकाळी पाणी भरायच्या वेळी ती क्वार्टरच्या वरांड्यात उभी राहायची आणि उजव्या हातात लोखंडी इस्त्री धरून हात समोर सरळ लांब करायची. कोळशाची जुनी इस्त्री, रिकामी. हात हलायचा नाही. दूधवाला यायचा, दूध ओतायचा, जायचा. सिस्टर इस्त्री धरून उभी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, समोरच्या क्वार्टरवाल्यांशी हिचं भांडण झालंय. समोरच्या क्वार्टरवाल्यांनाही काही दिवस तसंच वाटत होतं. एकदा तिथल्या म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं म्हणे, "बाई, आमचं काही चुकलं का वो?"

उजव्या हाताने ती बादली उचलत नसे, पीठ मळत नसे, धुणं आपटत नसे. सगळी जड कामं डाव्या हाताला. लग्नकार्यात पंगत वाढतानाही डाव्या हाताने वाढायला निघायची आणि म्हाताऱ्या बाया ओरडायच्या. नेम धरताना डावा डोळा मिटायचा नाही, नुसता झाकायचा, म्हणून तिने चष्म्याच्या डाव्या काचेवर एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा चिमट्याने लावला होता. उन्हात उभी राहिली की त्या तुकड्यावर कोणाची तरी बरगडी दिसायची. मी एकदा विचारलं, "कोणाची हो सिस्टर?" तर म्हणाली, "बरा होऊन घरी गेला तो. तुले काय कराचं?"

तिचं इंजेक्शन मात्र सगळ्यांना हवं असायचं. दवाखान्यात दुसऱ्या नर्सच्या टेबलापुढे कोणी नसलं तरी लोक हिच्याच रांगेत उभे राहायचे. बोळा फिरवला, हात खाली गेला, सुई आत, बाहेर. पोराने रडायला तोंड उघडेपर्यंत काम संपलेलं. मी स्वतः तिच्याकडून टिटॅनसचं घेतलं आहे. दुखलं नाही. दुखलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

वेगाबद्दल तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. ती नागभीडकडच्या तळ्यावरची. बाप मासे मारायचा, फेकजाळं टाकायचा. ती सांगायची, "माहा बाप जाळं टाके तवा घाई नाई करे. पण जाळं हातातून सुटाच्या आधीच उघडलेलं राहे. पाण्यावर पडल्यावर उघडतो म्हनलं त मासा राह्यते का तिथी?" हे ती पेशंटला सांगायची, साहेबांना सांगायची, मला तर किती वेळा. माझाही बाप होता, पण त्याने पिस्तुलाला उपयोगी पडेल असं काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

आणि एक खोड सांगितल्याशिवाय ती बाई समजायची नाही. कोणी काही चुकीचं करताना दिसलं, की तिला बसवत नसे. तो माणूस ओळखीचा आहे की नाही, आपलं त्यात भलं आहे की नाही, हा हिशोबच तिच्या डोक्यात नव्हता. एकदा आम्ही दोघी नागभीडच्या एसटीत होतो. पुढच्या बाकावर एक माणूस बोटाला पट्टी बांधून बसला होता. सिस्टर थोडा वेळ बघत राहिली, मग उठली, त्याचा हात धरला आणि पट्टी सोडायला लागली. तो घाबरला. "अवो बाई, काय करून राह्यल्या?" "कोनं बांधली?" "दवाखान्यात बांधली, सरकारी." "आंधळा होता का बांधणारा?" पुढच्या स्टॉपपर्यंत नवी पट्टी झाली. आभार मानून घ्यायला ती थांबली नाही, येऊन खिडकीशी बसली आणि झोपली. मला तेव्हाही वाटलं होतं, हिला सगळं येतं हे एसटीतल्या लोकांनाही कळायलाच पाहिजे का?

आता माझं सांगते.

मी वीज केंद्राच्या गेटवर सिक्युरिटीत होते, टेम्पररी. ठेकेदाराच्या बाया कामावर येताना-जाताना त्यांची झडती घ्यायची, एवढंच काम. टेम्पररीला क्वार्टर नसतं. भिंतीबाहेरच्या गावात टिनाच्या खोलीत आम्ही राहायचो, आणि कोळशाची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची. ठरावीक महिन्यांनी नोकरीत खंड द्यायचे, पुन्हा घ्यायचे. घेतील की नाही, हे प्रत्येक खेपेला वाट बघून कळायचं. सिक्युरिटीचे साहेब फौजेतून आलेले. त्यांना नेमबाजीचा नाद. क्लबात बायकांचा संघ करायचा म्हणून त्यांनी गेटवरच्या आम्हा सगळ्यांच्या हातात पिस्तूल देऊन बघितलं. मी सावली गावाकडची. धानाच्या बांधीवर पाखरं राखण्यात लहानपण गेलेलं. गोफणीला विचार करायला वेळ नसतो, पाखरू बसलं की दगड गेला पाहिजे. साहेब म्हणाले, "अरे, ही तर फास्ट आहे!" आयुष्यात कोणी माझ्याबद्दल इंग्रजी शब्द वापरला तो तेवढाच. दवाखान्यातून सिस्टर आली. शेवटी आम्ही दोघी उरलो.

पिस्तुलाचा सामना दोन भागांत असतो. पहिला भाग सावकाश, वेळ भरपूर. त्यात सिस्टर माझ्यापुढे. दुसरा भाग वेगाचा. लक्ष्य आडवं वळलेलं असतं, ते तीन सेकंद समोर येतं आणि पुन्हा वळतं. हात खाली धरून उभं राहायचं आणि त्या तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी मारायची. उशीर झाला की गोळी रिकाम्या जागेतून जाते आणि शून्य. या भागात मी तिच्यापुढे. लक्ष्य फिरवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. प्लायवूडची पाटी लोखंडी सळईवर बसवली होती, तिला दोरी. एकीने खड्ड्यात बसून घड्याळ बघत दोरी ओढायची, दुसरीने मारायचं. वर्षभर आम्ही एकमेकींसाठी दोरी ओढली. पिस्तूल एकच. परवाने, आयात, सगळं अवघड. क्लबाला एक मिळालं तेही साहेबांनी कुठे कुठे फिरून मिळवलेलं.

नागपूरच्या स्पर्धेतून आमच्या केंद्राच्या वाट्याला राज्याच्या संघातली बायकांची एक जागा होती. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तू राज्याच्या संघात गेलीस, तर खेळाडू म्हणून तुला कायम करायचं पत्र मी स्वतः वर नेतो. हातात घेऊन जातो." साहेब थापा मारणारे नव्हते. म्हणजे माझं क्वार्टर, माझी नोकरी, सगळं त्या एका जागेवर. सिस्टर कायमच होती. क्वार्टर होतं, पगार होता, रांगेत उभे राहणारे पेशंट होते. तिला ती जागा कशाला पाहिजे होती? "मारता येते म्हणून," ती म्हणाली असती. मी विचारलं नाही.

आधी ती वेगाच्या भागात माझ्या मागे होती, हे तिला सहन झालं नाही. तिने पिस्तुलाला हात घातला.

पहिल्यांदा मूठ. बल्लारशाकडून सागवानाचा तुकडा आणला. पिस्तुलाच्या मुठीवर दवाखान्यातलं प्लॅस्टरचं बँडेज गुंडाळून घट्ट पकडलं, वाळू दिलं आणि त्यावरून लाकूड कोरलं. मग लाकडाला दिव्याची काजळी लावायची, हाताने पकडायचं, सोडायचं. जिथली काजळी हाताला लागली, तिथे लाकूड उंच. तेवढंच कानशीने घासायचं. पुन्हा काजळी. महिनाभर तिचा उजवा तळवा काळा होता. दवाखान्यात एका तान्ह्याच्या गालावर तिने हात फिरवला तर काळा डाग उमटला. त्याची आई खूश. "सिस्टरनं तीट लावली, आता दिष्ट नाई लागत."

मूठ झाल्यावर तिने उरलेला तुकडा माझ्यापुढे धरला. "घे, तुह्यी कोरून घे. मी सांगतो कशी." मी म्हटलं, "मले कंपनीची बरी हाय." बरी नव्हती. पुरुषाच्या हाताची होती ती, मला बोट ताणून ट्रिगर गाठावा लागायचा. पण तिच्या उरलेल्या लाकडात माझा हात बसवून घेणं मला जमण्यासारखं नव्हतं.

मग ट्रिगर. आमच्या ट्रिगरला मध्येच खर लागायची, वाळू शिरलेलं दार ढकलावं तशी. पिस्तूल घरी नेता येत नसे, म्हणून ती ड्यूटी सुटल्यावर क्लबातल्या टेबलावर बसायची. समोर साहेब पेपर वाचत. आतले तुकडे काढून कापसाच्या काडीने आणि पितळेच्या पॉलिशने घासायची. ऑपरेशनला बसावी तशी बसायची. घासून झाल्यावर तिने मला दाबून बघायला दिला. लोण्यातून बोट गेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "ठीक हाय."

उरलं वजन. नियम असा आहे की ट्रिगर एक किलोपेक्षा हलका नको. स्पर्धेच्या आधी तपासणी होते. नळी वर करून ट्रिगरला किलोचं वजन अडकवतात आणि पिस्तूल उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटून आतला घोडा पडला नाही, की पास. जितका हलका तितका वेगाला बरा, म्हणून प्रत्येक जण स्क्रू फिरवून किलोच्या अगदी काठावर आणून ठेवतो. सिस्टरने वजन आणलं बाजारगल्लीतल्या एका किराणा दुकानातून. लोखंडी, सहा बाजूंचं. बँडेजच्या पट्टीने बांधून तिने ते ट्रिगरला लटकवलं आणि स्क्रू फिरवायला लागली.

ते वजन मी ओळखलं. गेटवरच्या आम्हा सगळ्या बाया त्या दुकानातून उधारीवर सामान घ्यायच्या, आणि त्याचा किलो भरत नाही हे आम्हाला माहीत होतं. डाळ तिथून घ्यायची आणि सोसायटीच्या काट्यावर पुन्हा मोजून शिव्या द्यायच्या, असा आमचा रिवाज होता. सिस्टरला हे कुठून माहीत असणार? तिचं सामान चंद्रपूरहून यायचं.

मी म्हटलं, "सिस्टर, त्या दुकानाचं वजन मारते. ट्रिगर किलोच्या खाली जाईन. दुसरं आना."

तिने वजन उलटं करून दाखवलं. "ठप्पा हाय ना खाली. सरकारी."

"ठप्पा असते. आतलं शिसं कोरून काढते तो. आमाले माहीत हाय."

ती हसली. "तुह्यं बोट जड हाय, म्हनून तुले ट्रिगर जड पायजे. मले समजत नाई का?"

साहेबांनी पेपर खाली केला. "अरे भाई, जलना छोडो, प्रॅक्टिस करो." आणि तेही हसले.

मी पुन्हा सांगितलं नाही. एकदा खरं सांगून जळकी ठरले होते, दुसऱ्यांदा तेच ऐकायची मला हौस नव्हती. जळत होते हेही खरंच होतं. पण वजनही मारतच होतं.

त्या ट्रिगरवर आम्ही दोघींनी दिवाळीपर्यंत सराव केला. महिनाभरात वेगाच्या भागात ती माझ्या बरोबरीला आली, आणि मग पुढे गेली. मी खड्ड्यात बसून दोरी ओढायचे आणि वर पाटीवर एकामागून एक गोळ्या मध्याजवळ बसताना बघायचे. माझ्याजवळ वेग ही एकच गोष्ट होती. सावलीच्या बांधीवरून मी ती आणली होती, कोणी शिकवलेली नव्हती. तीही तिने घेतली, स्क्रू-ड्रायव्हर आणि कानशीने. वर मला शिकवायची. "हात वर येताना ट्रिगरले हात लावू नको. हलका हाय, वाटेतच सुटंल. वर ये, मंग दाब." एकदा मी वाटेत दाबला आणि गोळी जमिनीत गेली, तेव्हा ती माझ्यावर अशी ओरडली की रेंजवरच्या चिमण्या उडाल्या.

नागपूरला सकाळी तपासणीच्या टेबलावर जाड चष्म्याचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सिस्टरच्या हातून पिस्तूल घेतलं, वजन अडकवलं, उचललं. टक्. घोडा पडला.

"बाई, हलका आहे."

"पुन्हा लावा," सिस्टर म्हणाली.

पुन्हा टक्. तिसऱ्यांदाही टक्. त्यांनी पिस्तूल परत सरकवलं. "किलो नाही हा. बराच कमी आहे. दुरुस्त करून आणा, वेळ आहे थोडा."

मला आनंद झाला. तो पोटभर व्हायच्या आतच लक्षात आलं, की पिस्तूल माझंही तेच आहे.

सिस्टरने तिथेच ओट्यावर बसून स्क्रू आवळला. माझ्याकडे बघितलं नाही. साहेब मात्र माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी हसत नव्हते. ट्रिगर पास झाला, पण आता तो दुसराच ट्रिगर होता. दोन-चार वेळा रिकामा दाबून बघण्याइतकाच वेळ होता. नेमबाज तुकड्यांनी मारतात. पिस्तूल एक म्हणून आम्हाला वेगळ्या तुकड्या दिल्या होत्या. सिस्टर पहिल्या तुकडीत, मी दुसऱ्या.

सावकाश भागात तिचं काही बिघडलं नाही. वेगाच्या भागात बिघडलं. लक्ष्य समोर आलं, हात वर गेला, नेहमीच्या जागी थांबला, बोट दाबायला लागलं, आणि जिथे गोळी सुटायची तिथे सुटली नाही. लक्ष्य वळल्यावर सुटली. हे एकदा झालं, मग पुन्हा झालं. पुढे तिने काहीतरी सावरलं, पण गेलेल्या गोळ्या गेल्या. मागच्या बाकावरून मी मोजत होते. जागा उघडी पडली होती. मी माझं नेहमीचं मारलं असतं तरी पुरलं असतं.

माझी तुकडी लागायच्या आधी ती मूठ बदलून द्यायला आली. सागवानी काढली, कंपनीची लावली, स्क्रू आवळताना खाली बघूनच बोलली.

"आता जड हाय. हात वर येता येताच अर्धा दाबून घे. वर आल्यावर दाबाले लागशील त लक्ष्य निघून जाते. माहं तसंच झालं."

"तुमीच त म्हनत होत्या, वाटेत दाबू नको."

"तवा हलका होता. आता नाई सुटत. खरा किलो हाय."

आणि पिस्तूल माझ्या हातात देऊन ती बाकावर जाऊन बसली.

मी तिथे उभी राहून विचार केला. ती सांगते तसं केलं आणि गोळी वाटेत सुटली, तर जमिनीत जाईल आणि शून्य. ती सांगते ते खरं निघालं, तर मी तिच्यापुढे जाईन आणि तिची जागा जाईल. मग ती कशाला खरं सांगेल? गेटवर झडती घेताना मी एक गोष्ट शिकले होते. जी बाई न विचारता स्वतःच पिशवी उघडून दाखवते, तिची कंबर आधी चाचपायची. हा नियम मला कधी दगा देऊन गेला नव्हता. एसटीतल्या माणसाची पट्टी मला तेव्हा आठवली नाही. आठवायला हवी होती, पण आठवली नाही.

सावकाश भाग मला बरा गेला. वेगाच्या भागाची पहिली मालिका मी माझ्या पद्धतीने मारली. वर जायचं, मग दाबायचं. पाच गोळ्यांपैकी तीन लक्ष्य वळल्यावर सुटल्या. मी मागे वळून बाकाकडे बघितलं. सिस्टर उभी राहिली होती. हाताने काही खूण करणं नियमात बसत नाही, ती करत नव्हती. नुसती उभी होती, चेहरा असा की समोर कोणी पट्टी चुकीची बांधतंय आणि मध्ये काच आहे.

दुसऱ्या मालिकेला मी हात वर येता येता अर्धा दाबून घेतला. वाटेत सुटली नाही. वर पोचले तेव्हा उरलेला दाब कागदाइतका होता. गोळी गेली आणि लक्ष्य वळायला अजून वेळ होता. त्यानंतर एकही गोळी उशिरा गेली नाही. इतकं चांगलं मी आधी कधी मारलं नव्हतं, आणि नंतरही मारलं नाही.

फळ्यावर गुण लागले. सिस्टर माझ्या वर होती. पहिल्या मालिकेतली एक, फक्त एक गोळी वेळेत गेली असती, तर मी तिच्या वर असते.

परतीच्या गाडीत साहेब पुढे बसले होते. त्यांनी मान वळवून मला सांगितलं, "पत्र या वर्षी नाही जमणार. पण ही तिकडे चमकली ना, तर पुढल्या वर्षी आपल्याला दोन जागा मागता येतील. मी मागणार आहे." मी बरं म्हटलं. सांगून टाकते: कायम मी पुढे झालेच, पण युनियनच्या लढ्यातून, सगळ्या टेम्पररींबरोबर, आणि त्याला आणखी बरीच वर्षं लागली. राख तोवर कपड्यांवर पडतच होती.

सिस्टर माझ्या शेजारी बसली होती. जांबच्या पुढे आल्यावर तिने तोंड उघडलं.

"दुकानदाराचं वजन मारत होतं."

"मी सांगतलं होतं तुमाले."

"सांगतलं होतं. पन तू सांगतलं ना, म्हनून नाई आयकलं."

"मीही तुमचं तसंच नाई आयकलं."

"माहीत हाय. पयली मालिका पाह्यली मी." मग म्हणाली, "तुले काय वाटलं वो? मी तुले खड्ड्यात घालून राह्यली?"

"हो."

तिने मान हलवली. राग आला नाही तिला. राग यावा असं तिला त्यात काही दिसलंच नाही, आणि त्या गाडीत मला सगळ्यात जास्त ते लागलं. माझ्याजवळ तिच्याबद्दल एवढं काय काय साठलेलं होतं. तिच्याजवळ माझ्याबद्दल काहीच नव्हतं. होतं ते माझ्या बोटाबद्दल होतं, कारण लगेच म्हणाली, "दुसरी मालिका चांगली मारली तू. पन मूठ मोठी हाय तुले. बोट ताणते." मग पिशवीतून शेंगा काढल्या, अर्ध्या मला दिल्या, आणि भद्रावती यायच्या आत झोपली.

घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "नाही." आणि मी स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेंजवर गेले. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. तिने राज्याकडून चांगलं मारलं तरच पुढच्या वर्षी दोन जागा होत्या, आणि दोरी ओढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. दंव पडलं होतं, पाटी ओली होती. सिस्टर आधीच येऊन उभी होती, एक्स-रेचा तुकडा लावून. मी खड्ड्यात उतरले आणि दोरी हातात घेतली.

तीन सेकंद द्यायचे असतात. मी दिले नाहीत. पाटी वळवली आणि तिसरा सेकंद पुरा व्हायच्या आत पुन्हा ओढून घेतली. तिची गोळी रिकामी गेली. पुन्हा तसंच केलं. पुन्हा रिकामी. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

वरून आवाज आला. "काऊन वो, घड्याळ पुढं पळून राह्यलं का तुह्यं?"

"नाई. बरोबर हाय."

मग गोळ्या भरल्याचा आवाज आला. पाटी वळवली, ओढली. या खेपेला गोळी लाकडात बसली, काठावर, पण बसली. पुढची जरा आत.

"आयक वो," ती म्हणाली.

"काय?"

"आनखी कमी कर."

मी आणखी कमी केलं.